‘बॉऽऽल!’ म्हणून ओरडण्याआधी

मेलबर्नच्या पश्चिमेला राहणाऱ्या मराठी घरांत एक गोष्ट ठरल्यासारखी घडते. मूल शाळेत जायला लागतं आणि वर्षभरात घरात एक लाल, दोन्ही टोकांना निमुळता होत गेलेला, ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा चेंडू येतो. आमच्याकडेही आला. त्या चेंडूच्या मागोमाग वेस्टर्न बुलडॉग्ज हा संघ घरात आला. आता टार्नीटहून शहराकडे जाणाऱ्या गाडीत लाल-पांढरा-निळा मफलर गुंडाळून बसणाऱ्यांत मीही असते.

परतीच्या गाडीत मी वर्षानुवर्षं दोनच प्रश्न ऐकत आले आहे. पहिला : गेल्या शनिवारी वाघासारखी खेळलेली टीम आज अशी का खेळली? दुसरा : अंपायरला दिसत नव्हतं का? नव्याने आलेल्या मराठी मंडळींना हे दोन्ही प्रश्न पडतात आणि त्यांची उत्तरं मात्र ‘आपले खेळाडू आळशी’ आणि ‘अंपायर विकलेला’ एवढ्यावर संपतात. खेळ समजून घेतला तर दोन्ही उत्तरं चुकीची आहेत हे कळतं. मला असंही वाटतं की दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. या खेळात कुणाचाच नसलेला चेंडू फार वेळा मैदानात पडतो, आणि तो कुणाचा हे दर वेळी अर्ध्या सेकंदात ठरतं.

आधी खेळाविषयी थोडं. ऑस्ट्रेलियन फुटबॉल, इथल्या बोलीत फुटी, हे क्रिकेटवाल्यांचंच अपत्य. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचं अंग हलतं राहावं म्हणून मेलबर्नमध्ये टॉम विल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८५९ च्या मे महिन्यात याचे नियम लिहून काढले. म्हणून मैदानही क्रिकेटचंच, लंबगोल. आपण टीव्हीवर बॉक्सिंग डे कसोटी पाहतो त्याच एमसीजीवर सप्टेंबरात ग्रँड फायनल होते. एका बाजूला १८ खेळाडू. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून पायाने मारलेला चेंडू कुणालाही, कशालाही न लागता गेला तर गोल, म्हणजे ६ गुण. उंच खांबाला लागला, कुणाचा हात लागला किंवा शेजारच्या फटीतून गेला तर बिहाइंड, १ गुण. चेंडू हातात धरून पळता येतं, पण फेकता येत नाही. पायाने मारायचा, नाहीतर एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसा मारून साथीदाराकडे द्यायचा, त्याला हँडबॉल म्हणतात. लांबून आलेली किक हवेतल्या हवेत झेलली तर तो मार्क, मग कुणी अडवल्याशिवाय किक मारायला मिळते. ऑफसाइड नाही. धक्काबुक्की बरीच आणि बहुतेक नियमात बसणारी.

आता आमच्या संघाकडे येते. बुलडॉग्ज म्हणजे मूळचा फुट्सक्रे, मेलबर्नच्या कामगार वस्तीचा क्लब. १९२५ मध्ये मोठ्या लीगमध्ये आला, १९५४ मध्ये एकदा अजिंक्यपद मिळवलं, आणि मग ६२ वर्षं नुसती वाट पाहिली. २०१६ मध्ये हा संघ गुणतक्त्यात सातवा होता. तिथून कुणीच कधी कप जिंकला नव्हता. आमच्या पोरांनी तो जिंकला, ग्रँड फायनलमध्ये सिडनीला ८९-६७ असं हरवून. प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिज यांनी आपल्या गळ्यातलं पदक काढून दुखापतीमुळे खेळू न शकलेला कर्णधार बॉब मर्फी याच्या गळ्यात घातलं. ते दृश्य आजही कुणी दाखवलं की माझे डोळे भरून येतात. आणि पुढच्या वर्षी, २०१७ मध्ये, तोच संघ पहिल्या आठांतही, म्हणजे बादफेरीतही, नव्हता.

असं का होतं हे समजायला सप्टेंबर २०२१ बघावा. करोनामुळे मेलबर्न बंद होतं आणि बुलडॉग्ज शहरोशहरी फिरत बादफेरी खेळत होते. ब्रिस्बेनला एका गुणाने जिंकले, ७९-७८. पुढच्या सामन्यात पोर्ट अॅडलेडला त्यांच्याच घरी ७१ गुणांनी लोळवलं. दोन आठवड्यांनी पर्थमध्ये मेलबर्न याच नावाच्या क्लबविरुद्ध ग्रँड फायनल. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आम्ही १९ गुणांनी पुढे होतो. त्यानंतर जे झालं ते सांगताना अजून घसा कोरडा पडतो : मेलबर्नने गोलांची रांग लावली, त्या क्वार्टरच्या अगदी शेवटच्या क्षणांत तर एकामागून एक, आणि सामना १४०-६६ असा संपला. ७४ गुणांनी हार. पंधरवड्यापूर्वी ७१ ने जिंकलेला संघ, जवळपास तेच खेळाडू, तोच प्रशिक्षक.

इथे खेळाची रचना लक्षात घ्यावी लागते. बास्केटबॉलमध्ये किंवा आपल्या ओळखीच्या फुटबॉलमध्ये एका संघाने गुण मिळवला की चेंडू दुसऱ्याला मिळतो. खाल्लेल्या संघाला श्वास घ्यायला जागा असते. फुटीत गोल झाल्यावर चेंडू पुन्हा मधोमध अंपायरच्या हातात जातो आणि तो कुणाचाच नसतो. दोन उंच रकमन त्यासाठी उडी घेतात, खाली प्रत्येकी तीन मधल्या फळीचे खेळाडू टपून बसलेले असतात. ज्याच्या हाती चेंडू लागतो तो दोन किकमध्ये गोलासमोर. शिवाय २०१९ पासून सहा-सहा-सहाचा नियम आहे. मध्यावर चेंडू टाकताना प्रत्येक संघाचे सहा खेळाडू पुढे, सहा मध्ये आणि सहा मागे असायलाच हवेत. पूर्वी गोल खाल्लेला संघ घाईघाईने सात-आठ जण मागे नेऊन गळती थांबवायचा. आता ती सोय नाही. म्हणजे मधल्या फळीतला एक माणूस दमला, किंवा समोरच्या रकमनला तुमची उडी कळली, तर दहा मिनिटांत सहा गोल होऊ शकतात आणि तुमच्या हाती चेंडू आलेलाच नसतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की संघाने हातपाय गाळले. पण पुष्कळदा फक्त एकाच जागेची लढत हरलेली असते, आणि ती जागा मधोमध असते.

त्यात चेंडूचा आकार. गोल चेंडूचा टप्पा कुठे पडेल याचा अंदाज येतो, निमुळत्याचा येत नाही. आणि गोलासमोर मारलेली किक एखाद्या मीटरने चुकली की ६ चा १ होतो. २००८ च्या ग्रँड फायनलचा धावफलक बघा : हॉथॉर्न १८.७ (११५), जिलाँग ११.२३ (८९). पूर्णांक म्हणजे गोल, पुढचा आकडा बिहाइंड. जिलाँगने ३४ वेळा गुण मिळवले, हॉथॉर्नने २५ वेळा, आणि हरलं जिलाँग. जिलाँग त्या दिवशी वाईट खेळलं असं म्हणणाऱ्याने हा धावफलक वाचलेला नसतो. त्यामुळे एखाद्या शनिवारचा निकाल पाहून संघाविषयी मत बनवू नये, असं मी घरातही सांगते. गोल आणि बिहाइंड मिळून एकूण किती संधी मिळाल्या ते आधी बघावं, मग बोलावं.

अर्थात सगळंच नशिबावर ढकलणं मला पटत नाही. बुलडॉग्जची चंचलता खरी आहे आणि तिला कारण आहे. मार्कस बाँटेम्पेली आणि त्याच्याभोवतीची मधली फळी गेली कित्येक वर्षं लीगमधल्या उत्तम फळ्यांपैकी एक. चेंडू आमच्याकडे असला की आम्ही सुंदर. पण हल्ला करायला सगळे पुढे सरकलेले असताना चेंडू हातून गेला की मागे उरलेल्या बचावपटूंच्या डोक्यावरून तो थेट गोलाकडे जातो. दुबळा संघ चेंडू हिसकावून घेऊ शकत नाही, म्हणून त्याच्याविरुद्ध हे भोक दिसत नाही. तगडा संघ नेमका तिथेच बोट घालतो. २०२२ च्या बादफेरीत पर्थला फ्रीमँटलविरुद्ध आम्ही ४१ गुणांची आघाडी घालवली. २०२५ मध्ये १४ सामने जिंकूनही आम्ही नववे आलो आणि बादफेरी हुकली. त्या वर्षी आमची टक्केवारी, म्हणजे मिळवलेल्या गुणांना दिलेल्या गुणांनी भागून येणारा आकडा, चांगल्या-चांगल्यांपेक्षा वर होती. कारण खालच्या संघांना आम्ही झोडपत होतो. वरच्या आठांतल्यांसमोर मात्र बहुतेक वेळा मान खाली घालून परतलो.

आणि २०२३ विसरू म्हटलं तरी विसरत नाही. शेवटच्या दोन आठवड्यांपैकी पहिल्यात आम्ही आमच्याच मैदानावर वेस्ट कोस्टकडून ७ गुणांनी हरलो. वेस्ट कोस्ट त्या वर्षी तळाला होता, अख्ख्या मोसमात त्यांनी तीन सामने जिंकले, त्यातला एक हा. पुढच्याच आठवड्यात आम्ही जिलाँगला जाऊन जिलाँगला हरवलं, जे भल्याभल्यांना जमत नाही. शेवटी नववे. तो एक वेस्ट कोस्टचा सामना जिंकला असता तर बादफेरीत असतो. त्या रात्रीच्या गाडीत अंपायरला शिव्या देणारे पुष्कळ होते. पण त्या दिवशी आम्हाला अंपायरने हरवलं नव्हतं.

आता अंपायरकडे.

मैदानात खेळ सांभाळणारे अंपायर २०२३ पासून चार आहेत, त्याआधी तीन होते. सीमारेषेवरचे वेगळे, दोन्ही टोकांना गोलचे वेगळे. प्रेक्षकांचा राग मुख्यतः मैदानातल्यांवर असतो आणि त्यातला मोठा वाटा एकाच नियमाचा : होल्डिंग द बॉल. खेळाडूला चेंडूसकट पकडलं की स्टँडमधले हजारो लोक एका सुरात ‘बॉऽऽल!’ म्हणून ओरडतात. म्हणजे, याने चेंडू धरून ठेवला, फ्री किक द्या.

कबड्डीत पकड पक्की झाली आणि चढाईपटू मध्यरेषेला पोचला नाही की तो बाद. फुटीत पकड झाल्यावर प्रश्न सुरू होतात. पकड नियमात बसते का, म्हणजे खांद्याच्या खाली, गुडघ्याच्या वर आणि पाठीत धक्का न देता? नसेल तर फ्री किक उलट पकडलेल्याला. असेल तर पुढचा प्रश्न : पकडण्याआधी चेंडू सोडायची संधी त्याला मिळाली होती का? मिळाली असेल तर त्याने ताबडतोब नीट किक किंवा हँडबॉल करायला हवा, नाहीतर दंड. संधी मिळाली नसेल, चेंडू हातात येताक्षणीच तो पकडला गेला असेल, तर त्याने सोडायचा खरा प्रयत्न केला एवढं पुरतं. नाहीच सुटला तर अंपायर खेळ थांबवून चेंडू वर टाकतो. मग चेंडू हातातून पडला तो पकडीच्या धक्क्याने की त्याने टाकला म्हणून? हात मोकळा होता का? चेंडू अंगाखाली ओढून घेतला का? हे सगळं चार धिप्पाड माणसांच्या ढिगाखाली, धावत-धावत, एका कोनातून बघून ठरवायचं.

एका सामन्यात असे टॅकल, म्हणजे अशा पकडी, शंभराच्या वर होतात. सगळ्या प्रकारच्या फ्री किक मिळून मात्र चाळीसच्या आसपास. म्हणजे अंपायर बहुतेक वेळा ‘काही नाही, खेळा’ असंच ठरवत असतो. तोही निर्णयच असतो. आपल्याला तो निर्णय वाटत नाही, अन्याय वाटतो, कारण आपण ओरडलेलो असतो आणि शिट्टी वाजलेली नसते.

‘चूक’ आणि ‘विसंगती’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि चर्चेत त्यांची सरमिसळ होते. क्रिकेटमध्ये चेंडू बॅटला लागला की नाही याला खरं उत्तर असतं, यंत्राने ते सापडतं. पण ‘संधी मिळाली होती का’ याला यंत्र उत्तर देऊ शकत नाही. तो शब्दाच्या अर्थाचा प्रश्न आहे. चार अंपायर म्हणजे चार अर्थ, आणि खेळ मैदानाच्या एका भागातून दुसऱ्या भागात सरकला की निर्णयही एकाकडून दुसऱ्याकडे जातो. पहिल्या क्वार्टरमध्ये या टोकाला सोडून दिलेली गोष्ट तिसऱ्यात त्या टोकाला दंडपात्र ठरते, याचं हे साधं कारण. दोघेही आपापल्या परीने बरोबर असू शकतात, आणि तरी प्रेक्षकाला विसंगती दिसणारच. ती तक्रार रास्त आहे. फक्त तिचा रोख शिट्टी वाजवणाऱ्यापेक्षा नियम लिहिणाऱ्यांकडे असायला हवा.

कारण नियम चालवणाऱ्यांनीही गोंधळात भर घातली आहे. २०२२ च्या मोसमात मध्येच सांगितलं गेलं की पकडलेल्या खेळाडूने स्वतःच खांदा वर करून किंवा गुडघे वाकवून मानेभोवती हात ओढवून घेतला तर त्याला फ्री किक मिळणार नाही. उद्देश चांगला होता, खेळाडूंच्या मानेला जपायचा. २०२४ मध्ये पुन्हा भर मोसमात सूचना आली की चेंडू सोडायला दिला जाणारा वेळ कमी करा. म्हणजे जूनच्या आधी जे चाललं ते जूनच्या नंतर चालेना. खेळाडू गोंधळले, प्रेक्षक गोंधळले, आणि शिव्या मैदानातल्या माणसाला बसल्या. अर्थ बदलायचा असेल तर तो दोन मोसमांच्या मधल्या काळात बदलावा. भर पेरणीत वाण बदलणारा शेतकरी मी पाहिलेला नाही.

फ्री किकच्या आकड्यांबद्दल आम्हा बुलडॉग्जवाल्यांनी जरा प्रामाणिक राहायला हवं. २०१६ च्या ग्रँड फायनलमध्ये आम्हाला २० फ्री किक मिळाल्या, सिडनीला ८. सिडनीवाले ते अजून काढतात, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही काढलं असतं. त्यातल्या काही निर्णयांकडे आज पाहताना मला संकोच वाटतो. पण २०-८ म्हणजे पक्षपात, हे गणित चुकीचं आहे. जो संघ चेंडूवर आधी पोचतो तो वाकलेला असतो, चेंडू त्याच्या हातात असतो. मागून येणाऱ्याचा हात त्याच्या मानेवर नाहीतर पाठीवर पडतो. म्हणून आधी पोचणाऱ्याला फ्री किक जास्त मिळतात. दोन्ही बाजूंना सारख्याच मिळाल्या पाहिजेत असं मानणं म्हणजे क्रिकेटमध्ये दोन्ही संघांना सारखेच नो-बॉल मिळावेत असं म्हणणं.

मात्र अंपायरच्या चुकीने सामना जातच नाही, असंही मी म्हणणार नाही. जातो. १९ ऑगस्ट २०२३, अॅडलेड ओव्हल. शेवटची काही मिनिटं, सिडनी जेमतेम पुढे. अॅडलेडच्या बेन कीजने किक मारली, चेंडू खांबाजवळून आत गेला, खेळाडू आनंदाने नाचायला लागले. गोल अंपायरने मात्र चेंडू खांबाला लागल्याचं ठरवलं : बिहाइंड. त्याची खात्री होती, म्हणून त्याने चित्रफीत तपासायला सांगितलंच नाही. चेंडू खांबाला लागला नव्हता. अॅडलेड एका गुणाने हरलं आणि बादफेरीची आशा तिथेच संपली. दुसऱ्या दिवशी लीगचे मुख्याधिकारी गिलन मॅकलाक्लन यांनी चूक झाल्याचं उघड मान्य केलं, पण निकाल तोच राहिला. गोल झाला की नाही तपासायला एक अख्खं केंद्र आहे, मैदानभर कॅमेरे आहेत, आणि एका माणसाला शंका आली नाही म्हणून ते सगळं गप्प बसलं. इथे अर्थाचा प्रश्नच नव्हता, खरं उत्तर पडद्यावर होतं. अशा ठिकाणी यंत्राने स्वतःहून बोलायला हवं, अंपायरच्या शंकेची वाट बघू नये.

निकाल बदलल्याचं उदाहरण आहे, पण ते वेगळ्या जातीचं. ३० एप्रिल २००६ ला लॉन्सेस्टनमध्ये फ्रीमँटल एका गुणाने पुढे असताना वेळ संपल्याचा भोंगा वाजला. तो अंपायरना ऐकूच गेला नाही. खेळ चालू राहिला, सेंट किल्डाने एक बिहाइंड मिळवला आणि सामना बरोबरीत सुटला. काही दिवसांनी लीगने सामना फ्रीमँटलला दिला. चूक घड्याळाची होती म्हणून सुधारता आली. अंपायरच्या डोळ्यांची चूक मात्र निकालात राहते. नियमांची ही विभागणी मला समजते, पण अॅडलेडच्या प्रेक्षकाला ती कशी समजावून सांगायची ते मला अजून सुचलेलं नाही.

२०२२ मध्ये लीगने एक कडक गोष्ट केली. अंपायरच्या निर्णयावर खेळाडूने हात पसरून नाराजी दाखवली तरी ५० मीटरचा दंड, म्हणजे समोरचा संघ आयता ५० मीटर पुढे. पहिले काही आठवडे प्रचंड आरडाओरडा झाला. मला तो नियम तेव्हाही पटला होता. टीव्हीवर मोठे खेळाडू हात पसरतात, रविवारी सकाळी उपनगरातल्या मैदानावर दहा-बारा वर्षांची मुलं तेच करतात, त्यांचे पालक त्याच्या पुढे जातात, आणि शिट्टी धरलेला सोळा वर्षांचा मुलगा पुढच्या मोसमात येत नाही. देशभरात हजारो अंपायर कमी पडत होते. वरच्या लीगमधले चांगले अंपायर याच मुलांमधून येतात. रविवारी पळवून लावलेला मुलगा दहा वर्षांनी एमसीजीवर दिसणार नाही.

याच कारणासाठी अंपायरिंगमधली एक जुनी, देखणी गोष्ट आता गेली आहे. सामना सुरू करताना अंपायर मधोमध उभा राहून दोन्ही हातांनी चेंडू जमिनीवर आपटायचा आणि तो उंच, सरळ वर उसळायचा. मैदानात इतर ठिकाणी हे २०१३ पासूनच बंद झालं होतं, मध्यावर उरलं होतं. २०२६ पासून तिथेही चेंडू हाताने वर टाकला जातो. आपटलेला चेंडू वाकडा उसळला की ती लढत एका रकमनच्या बाजूला झुकायची, आणि मध्यावरची एक लढत म्हणजे काय हे मेलबर्नने आम्हाला पर्थमध्ये दाखवलंच आहे. शिवाय निर्णय उत्तम देणारे, धावणारे पुष्कळ उमेदवार चेंडू नीट आपटता येत नाही म्हणून मागे राहायचे. मला ती उसळी फार आवडायची. पहिल्यांदा मैदानात गेले तेव्हा हजारो लोकांचा आवाज त्या चेंडूबरोबर वर चढताना ऐकला होता, आणि त्या क्षणी मी या खेळाची झाले. तरी ती गेली हे बरोबर झालं. तिच्यामुळे मागे राहणाऱ्या एखाद्या पोरीने उद्या मध्यावर उभं राहून चेंडू वर टाकला, तर तिच्यासाठी मी टाळ्या वाजवीन, मग तिने आमच्याविरुद्ध वीस फ्री किक दिल्या तरी.